लिनक्स बंद होताना चालू प्रोसेसचे काय होते?

लिनक्स संगणकाला बंद होण्याची आज्ञा दिली, तरी तो त्याच क्षणी बंद होत नाही. पडद्यावरच्या खिडक्या जातात, कधी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकतात आणि काही सेकंदांनी वीज तुटते. कधी मात्र हे काही सेकंद दीड मिनिटापर्यंत लांबतात. अमुक सर्व्हिस थांबवण्याचे काम चालू आहे, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर अडकून बसते आणि तिच्या शेजारी सेकंद मोजले जात राहतात. अशा वेळी पॉवरचे बटण दाबून धरण्याचा मोह अनेकांना होतो. तेवढ्या वेळात आत काय चाललेले असते हे माहीत असेल, तर बटण कधी दाबावे आणि कधी दाबू नये हे ठरवणे सोपे जाते.

थोडक्यात सांगायचे तर लिनक्स प्रत्येक प्रोसेसला आधी थांबण्याची विनंती करतो, ठरावीक मुदत देतो, आणि मुदतीत न थांबलेल्या प्रोसेसला सक्तीने संपवतो. सगळ्या प्रोसेस गेल्यावर डिस्कवरच्या फाइल सिस्टम सोडवल्या जातात आणि मगच वीज बंद होते.

वीज थेट का तोडत नाहीत?

प्रोसेस म्हणजे त्या क्षणी चालू असलेला प्रोग्रॅम. साध्या डेस्कटॉपवरही एका वेळी शंभराहून अधिक प्रोसेस चालू असतात. काही आपण उघडलेल्या असतात, जसे ब्राउझर किंवा एडिटर. बाकीच्या मागे राहून काम करतात: नेटवर्क सांभाळणारी, छपाई सांभाळणारी, नोंदी लिहिणारी, डेटाबेस चालवणारी.

यातल्या एखाद्या प्रोसेसने लिहिलेली माहिती डिस्कवर पोहोचेपर्यंत दोन ठिकाणी थांबते. पहिले ठिकाण म्हणजे प्रोग्रॅमची स्वतःची मेमरी. एडिटरमध्ये टाइप केलेला पण सेव्ह न केलेला मजकूर इथे असतो. दुसरे ठिकाण म्हणजे कर्नलची पेज कॅश. प्रोग्रॅमने 'लिहा' असे सांगितले की कर्नल ती माहिती आधी मेमरीत ठेवून घेतो आणि सवडीने डिस्कवर उतरवतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये अशी माहिती सुमारे ३० सेकंद मेमरीत राहू शकते.

वीज अचानक गेली तर दोन्ही ठिकाणची माहिती जाते. एखादी प्रोसेस सक्तीने मारली, तर फक्त पहिल्या ठिकाणची जाते. कर्नलच्या हाती आलेली माहिती सुरक्षित राहते आणि तो ती नंतर डिस्कवर उतरवतो. प्रोसेसला नीट थांबण्याची संधी मिळाली, तर दोन्ही ठिकाणची माहिती वाचू शकते. बंद होण्याची सगळी प्रक्रिया या फरकाभोवती बांधलेली आहे.

दुसरे कारण फाइल सिस्टमचे आहे. एखादी प्रोसेस एखाद्या डिस्कवरची फाइल उघडून बसली असेल, तोवर ती डिस्क 'कामात आहे' असे कर्नल सांगतो आणि तिला सोडवू देत नाही. म्हणून आधी प्रोसेस आणि मग डिस्क, हा क्रम बदलता येत नाही.

विनंती आणि सक्ती: दोन सिग्नल

प्रोसेसला बाहेरून निरोप देण्यासाठी युनिक्स घराण्यात सिग्नल वापरतात. बंद होताना दोन सिग्नल महत्त्वाचे ठरतात.

सिगटर्म (क्रमांक १५) ही विनंती आहे. प्रोग्रॅम हा सिग्नल पकडू शकतो आणि उरलेले काम आवरून बाहेर पडू शकतो: फाइल पूर्ण लिहिणे, जोडण्या बंद करणे, तात्पुरत्या फाइल पुसणे. तो सिग्नलकडे दुर्लक्षही करू शकतो. प्रोग्रॅमने यासाठी काहीच सोय केलेली नसेल, तर सिगटर्म मिळताच तो संपतो.

सिगकिल (क्रमांक ९) ही सक्ती आहे. हा सिग्नल प्रोग्रॅमला पकडता, अडवता किंवा टाळता येत नाही, कारण तो प्रोग्रॅमपर्यंत जातच नाही. कर्नल परस्पर प्रोसेस संपवतो, तिची मेमरी परत घेतो आणि तिने उघडलेल्या फाइल बंद करतो. मात्र अर्धवट लिहिलेली फाइल अर्धवटच राहते आणि प्रोग्रॅमने डिस्कवर ठेवलेल्या कुलूप-फाइल तशाच पडून राहतात.

विम या एडिटरचे उदाहरण घेता येईल. विम आपल्या संपादनाची एक स्वॅप फाइल डिस्कवर ठेवतो. दर २०० अक्षरांनंतर, किंवा टाइप करणे थांबून ४ सेकंद झाले की ती ताजी होते. सिगटर्म मिळाल्यावर विम लगेच स्वॅप फाइल पूर्ण लिहून घेतो आणि मग बाहेर पडतो. पुढच्या वेळी तीच फाइल उघडली की अर्धवट राहिलेले काम परत मिळवता येते. सिगकिल मिळाला तर स्वॅप फाइल शेवटची ताजी झाल्यानंतर टाइप केलेले शब्द गेले.

जुनी पद्धत: सिस-व्ही इनिट

लिनक्समध्ये कर्नल सर्वांत आधी जी प्रोसेस सुरू करतो तिचा क्रमांक १ असतो. तिला इनिट म्हणतात. बाकीच्या साऱ्या सर्व्हिस सुरू करणे आणि बंद करणे ही तिची जबाबदारी. अनेक वर्षे बहुतेक लिनक्स वितरणांत 'सिस्टम फाइव्ह' युनिक्सच्या धर्तीवरचा इनिट वापरला जात असे.

त्यात प्रत्येक सर्व्हिससाठी एक शेल स्क्रिप्ट असे. संगणक बंद करताना या स्क्रिप्ट ठरलेल्या क्रमाने 'थांबा' या आज्ञेसह एकामागून एक चालवल्या जात. त्यातून उरलेल्या प्रोसेससाठी 'किलऑल५' नावाचा प्रोग्रॅम असे. तो कर्नलचे स्वतःचे धागे आणि आपल्याच सत्रातील प्रोसेस वगळून बाकी सर्वांना सिग्नल पाठवतो. आपले सत्र वगळले नाही, तर ज्या स्क्रिप्टने त्याला बोलावले तीच आधी मरेल आणि पुढचे काम अर्धवट राहील. आधी सगळ्यांना सिगटर्म, थोडी उसंत, मग सिगकिल, असा त्याचा वापर होई.

या पद्धतीत एक मोठी उणीव होती. सर्व्हिसचा प्रोसेस क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवला जाई आणि थांबवताना तोच वाचला जाई. सर्व्हिसने आणखी प्रोसेस जन्माला घातल्या आणि त्या मूळ प्रोसेसपासून सुटल्या, तर त्या कोणाच्या हे ओळखणे अवघड होई. अशा पोरक्या प्रोसेस शेवटच्या सरसकट सिग्नलपर्यंत चालूच राहत.

आजची पद्धत: सिस्टमडी

सिस्टमडी २०१० मध्ये आला. फेडोराने २०११ मध्ये आणि डेबियन व उबंटूने २०१५ मध्ये तो आपला नेहमीचा इनिट केला. आज प्रमुख वितरणांपैकी बहुतेकांत क्रमांक १ ची प्रोसेस हीच असते.

सिस्टमडी प्रत्येक सर्व्हिस एका स्वतंत्र कंट्रोल ग्रुपमध्ये चालवतो. कंट्रोल ग्रुप ही कर्नलची सोय २००८ च्या सुरुवातीला आलेल्या २.६.२४ आवृत्तीत दाखल झाली. एखाद्या सर्व्हिसने जन्माला घातलेली प्रत्येक प्रोसेस त्याच ग्रुपमध्ये मोजली जाते. ती मूळ प्रोसेसपासून कितीही दूर गेली तरी तिचे घराणे सुटत नाही. त्यामुळे 'ही सर्व्हिस थांबवा' म्हणजे नेमके कोणाकोणाला थांबवा, हे आता पक्के माहीत असते.

बंद होण्याची आज्ञा मिळाल्यावर घटना साधारण अशा क्रमाने घडतात:

१. पूर्वसूचना. बंद होणार असल्याची सूचना आधी मिळावी असे काही प्रोग्रॅमनी सांगून ठेवलेले असते. त्यांना तयारीसाठी थोडा वेळ मिळतो. नेहमीच्या सेटिंगमध्ये ही मुदत जास्तीत जास्त ५ सेकंद असते.

२. सर्व्हिस थांबवणे. सुरू होताना जो क्रम होता त्याच्या उलट क्रमाने सर्व्हिस थांबतात. एखादे वेब ॲप्लिकेशन डेटाबेसनंतर सुरू व्हावे असे ठरलेले असेल, तर बंद होताना ते डेटाबेसच्या आधी थांबते. नाहीतर ॲप्लिकेशनला शेवटची नोंद करायची असताना डेटाबेसच जागेवर नसेल. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा सर्व्हिस एकाच वेळी थांबवल्या जातात, म्हणून एरवी हे काम झटपट होते.

३. विनंती. सर्व्हिसने थांबण्यासाठी स्वतःची खास आज्ञा दिलेली असेल तर आधी ती चालते. मग ग्रुपमधल्या प्रोसेसना सिगटर्म जातो. त्यापाठोपाठ सिगकाँट हा सिग्नलही जातो. कारण एखादी प्रोसेस गोठवून ठेवलेली असेल, तर जागी झाल्याशिवाय ती विनंती ऐकूच शकणार नाही.

४. मुदत आणि सक्ती. ठरलेल्या मुदतीत जी प्रोसेस थांबत नाही, तिला सिगकिल जातो.

लॉगिन केलेल्या वापरकर्त्याच्या सत्रालाही हाच न्याय लागू होतो. फक्त तिथे सिगटर्मसोबत सिगहप हा सिग्नलही पाठवतात, कारण बॅशसारखा शेल टर्मिनलवर माणसाशी संवाद साधत असताना सिगटर्म मनावर घेत नाही. टर्मिनलची जोडणी तुटल्याची खूण असलेला सिगहप मात्र त्याला लागू पडतो.

ते ९० सेकंद

मूळ सिस्टमडीत ही मुदत ९० सेकंदांची आहे. पडद्यावर दिसणारा 'दीड मिनिटाचा' आकडा इथून येतो. फेडोराने ३८ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, ती ४५ सेकंदांवर आणली. प्रत्येक सर्व्हिससाठी मुदत वेगळीही ठेवता येते.

म्हणजे ती ओळ अडकलेली दिसते तेव्हा संगणक गोठलेला नसतो. एका ठरावीक सर्व्हिसला 'आवरून घे' असे सांगितलेले असते आणि तिच्यासाठी घड्याळ चालू असते. ती सर्व्हिस खरोखर काही महत्त्वाचे लिहीत असेल, किंवा तिच्यात दोष असून ती नुसतीच अडकली असेल. बाहेरून या दोन्हींतला फरक ओळखण्याचा खात्रीचा मार्ग नाही. मुदत ठेवण्याचे कारणही हेच आहे. पहिल्या शक्यतेला वेळ मिळतो आणि दुसऱ्या शक्यतेमुळे संगणक कायमचा अडकून राहत नाही.

मुदत किती असावी याचे उत्तर सर्व्हिसवर अवलंबून असते. पोस्टग्रेस्क्यूएल हा डेटाबेस याचे चांगले उदाहरण आहे. त्याला सिगटर्म मिळाला तर तो नवी जोडणी घेत नाही, पण जोडलेले सर्व ग्राहक स्वतःहून जाईपर्यंत थांबतो. सिगइंट मिळाला तर चालू व्यवहार रद्द करून, जोडण्या तोडून लगेच व्यवस्थित बंद होतो. सिगक्विट मिळाला तर आवराआवर न करताच बाहेर पडतो आणि पुढच्या वेळी सुरू होताना नोंदवहीवरून डेटा सावरतो. म्हणूनच पोस्टग्रेस्क्यूएलच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतील सिस्टमडीच्या नमुना फाइलीत थांबवण्यासाठी सिगइंट वापरायला आणि मुदतीची मर्यादाच काढून टाकायला सांगितलेले आहे. डेटाबेस मध्येच मारला जाण्यापेक्षा संगणक बंद व्हायला उशीर झालेला बरा, असा त्यामागचा हिशेब.

याची दुसरी बाजू यूपीएसवर चालणाऱ्या सर्व्हरला दिसते. वीज गेल्यावर बॅटरी संपत आली की सर्व्हर आपोआप बंद व्हावा अशी व्यवस्था केलेली असते. बॅटरी चार मिनिटे पुरणार असेल आणि एखाद्या सर्व्हिसची मुदत दहा मिनिटांची असेल, तर नीट बंद होण्याआधीच वीज संपेल. तिथे मुदत बॅटरी पाहूनच ठरवावी लागते.

शेवटची फेरी

सगळ्या सर्व्हिस थांबल्यावर क्रमांक १ ची प्रोसेस स्वतःचे रूप बदलते. सिस्टमडीच्या जागी 'सिस्टमडी-शटडाउन' हा छोटा प्रोग्रॅम चालू होतो. त्याला सर्व्हिस, क्रम यांच्याशी देणेघेणे नसते. जी कोणती प्रोसेस अजून उरली असेल तिला तो आधी सिगटर्म पाठवतो, थांबतो, आणि मग सिगकिल. पडद्यावर अगदी शेवटी दिसणाऱ्या 'उरलेल्या प्रोसेसना सिगटर्म पाठवत आहे' अशा अर्थाच्या ओळी याच टप्प्यातल्या असतात.

त्यानंतर तो फाइल सिस्टम सोडवतो आणि स्वॅप बंद करतो. एक फाइल सिस्टम दुसरीच्या पोटात असू शकते, म्हणून तो हे पुन्हा पुन्हा करून पाहतो. मूळ फाइल सिस्टमवर तो स्वतःच उभा असल्याने ती सोडवता येत नाही. तिला 'फक्त वाचनासाठी' या स्थितीत आणले जाते, म्हणजे तिच्यावर आता काहीही अर्धवट लिहिले जाणार नाही.

शेवटी कर्नलला 'रीबूट' ही सिस्टम कॉल जाते. वीज बंद करायची असली तरी कॉल हीच, फक्त पर्याय वेगळा. चुकून कोणी ती वापरू नये म्हणून तिच्यासोबत दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात. त्यातला दुसरा आकडा आहे ६७२२७४७९३. सोळाच्या पायात लिहिला तर तो २८१२१९६९ असा दिसतो, आणि २८ डिसेंबर १९६९ ही लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांची जन्मतारीख आहे.

ज्या प्रोसेस मारता येत नाहीत

सिगकिल टाळता येत नाही हे खरे, पण त्यालाही काही अपवाद आहेत.

- क्रमांक १ ची प्रोसेस. कर्नल तिला असे सिग्नल लागू करत नाही. ती संपली तर कर्नल पुढे चालू शकत नाही आणि 'पॅनिक' होऊन थांबतो.
- कर्नलचे धागे. यादीत ते प्रोसेससारखे दिसतात, पण ते कर्नलचेच भाग असतात.
- झोंबी. ही प्रोसेस आधीच मेलेली असते. तिच्या मृत्यूची नोंद तिच्या पालक प्रोसेसने घ्यायची राहिलेली असते, एवढेच.
- अखंड झोपेतील प्रोसेस. डिस्क किंवा नेटवर्कवरील फाइल सर्व्हरच्या उत्तराची वाट पाहत कर्नलच्या आत थांबलेली प्रोसेस या स्थितीत जाते. यादीत तिच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसते. उत्तर येईपर्यंत तिला सिगकिलही लागू पडत नाही. २००८ मधील २.६.२५ आवृत्तीपासून कर्नलमध्ये अशा झोपेतूनही सिगकिलने उठवता येण्याची सोय आली आणि नेटवर्क फाइल सिस्टमने ती वापरली. तरीही बिघडलेल्या डिस्कमुळे हा प्रकार आजही दिसतो.

स्वतः प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी

अनेक जण आपला प्रोग्रॅम कंट्रोल-सी दाबून थांबवून पाहतात आणि तो नीट थांबतो असे मानतात. पण कंट्रोल-सी सिगइंट पाठवते, तर संगणक बंद होताना येतो तो सिगटर्म. पायथॉनमध्ये हा फरक अंगाशी येऊ शकतो. सिगइंट आल्यावर पायथॉन 'कीबोर्ड इंटरप्ट' हा अपवाद उभा करतो, त्यामुळे 'फायनली' या भागातील आवराआवरीचा कोड चालतो. सिगटर्मसाठी मात्र वेगळी सोय केली नसेल, तर प्रोग्रॅम तिथेच संपतो आणि 'फायनली' चालत नाही. रात्रभर चालणारा बॅकअप किंवा डेटा गोळा करणारा प्रोग्रॅम असेल, तर सिगटर्म पकडण्याच्या चार ओळी लिहिणे आवश्यक आहे.

कंटेनरमध्येही हीच रीत आहे, फक्त मुदत कमी. डॉकर थांबवताना सिगटर्मनंतर नेहमी १० सेकंद वाट पाहतो, कुबरनेटीस ३० सेकंद. त्यानंतर सिगकिल.

अडकले तर काय करावे?

पहिला उपाय म्हणजे मुदत संपेपर्यंत थांबणे. पडद्यावर सेकंद पुढे सरकत असतील तर यंत्रणा जिवंत आहे आणि मुदत संपल्यावर ती स्वतःच सक्ती करील. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आधीच्या सत्राच्या नोंदी पाहिल्या, तर कोणत्या सर्व्हिसने वेळ खाल्ला हे समजते. तीच सर्व्हिस दरवेळी अडकत असेल, तर सरसकट सगळ्यांची मुदत कमी करण्यापेक्षा त्या सर्व्हिसचा दोष शोधावा किंवा तिच्यापुरती मुदत बदलावी.

अजिबात थांबता येत नसेल, तर सिस्टमडीत कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दोन सेकंदांत सातपेक्षा जास्त वेळा दाबले की संगणक सर्व्हिसची वाट न पाहता पुन्हा सुरू होतो. यंत्रणा पूर्ण गोठली असेल आणि सेटिंगमध्ये परवानगी असेल, तर ऑल्ट आणि सिस-रिक्वेस्ट या कळा धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे थोड्या अंतराने एकेक दाबता येतात. यातील आर कीबोर्डचा ताबा परत घेते, ई सर्वांना सिगटर्म पाठवते, आय सिगकिल पाठवते, एस मेमरीतली माहिती डिस्कवर उतरवते, यू फाइल सिस्टम फक्त वाचनासाठी करते आणि बी संगणक पुन्हा सुरू करते. बंद होण्याचा नेहमीचा क्रमच इथे हाताने पार पाडला जातो.

पॉवरचे बटण दाबून धरणे हा यानंतरचा मार्ग. त्यात विनंती नाही, मुदत नाही आणि डिस्कवर उतरवणेही नाही. आजच्या फाइल सिस्टम नोंदवही ठेवत असल्याने त्या बहुधा सावरतात, पण प्रोग्रॅमच्या मेमरीत राहिलेला मजकूर परत येत नाही. दीड मिनिट थांबल्याने तो वाचण्याची शक्यता असेल, तर तेवढे थांबणे परवडते.